माडाच्या सावलीतील मसाला पिके

कोकणातील आगरात माडाखालची जमीन वर्षानुवर्षे मोकळी पडलेली दिसते. सावलीत काही पिकत नाही, हा त्यामागील समज होय. वस्तुस्थिती निराळी आहे. ७.५ मीटर अंतरावर लावलेल्या प्रत्येक माडाच्या वाट्याला सुमारे ५६ चौरस मीटर जमीन येते. त्याची बहुतेक कार्यक्षम मुळे मात्र बुंध्यापासून २ मीटरच्या आत असतात. उरलेली तीन-चतुर्थांशांहून अधिक जमीन जवळजवळ रिकामीच राहते. रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने पुरस्कारिलेली ‘लाखी बाग’ याच हिशेबावर उभी आहे. चार माडांच्या मध्यभागी जायफळ, दोन माडांमध्ये दालचिनी आणि माडाच्या खोडावर काळी मिरी, अशी तिची सर्वसाधारण मांडणी असते.

सावलीही सर्वकाळ सारखी नसते. माड साधारणतः ८ ते २५ वर्षांचा असताना झावळ्यांचा घेर खाली व दाट असतो आणि जमिनीवर फारच थोडा प्रकाश पोहोचतो. पुढे खोड उंच गेल्यावर ऊन तिरपे आत येऊ लागते. पन्नियूर-१ ही मिरीची जात दाट सावलीत नीट धरत नाही. जायफळाला मात्र सावली मानवते.

या बागेत खरा धोका जायफळाच्या रोपातच असतो. जायफळात नर व मादी झाडे वेगवेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांपैकी सुमारे निम्मी नर निघतात आणि ते कळते सहा-सात वर्षांनी, फुले आल्यावर. तोवर घातलेले खत, पाणी आणि वर्षे परत येत नाहीत. यास्तव मादी झाडाची काडी वापरून बांधलेली कलमेच घ्यावीत. दहा मादी झाडांमागे एक नर परागीकरणास पुरतो. स्वस्त रोपांचा मोह पुष्कळांना महागात पडतो.

पाऊस भरपूर असला तरी दिवाळीनंतर शिंपण्याची सोय नसेल, तर या लागवडीच्या वाटेस जाऊ नये. माडाचे खत या पिकांना पुरत नाही. प्रत्येकाला ते स्वतंत्र द्यावे लागते.

जायफळाची बरीचशी फळे ऐन पावसाळ्यात उकलतात. तेव्हा ऊन नसते आणि ओल्या जायपत्रीला लगेच बुरशी येते. घरोघरी ती चुलीच्या उबेवर वाळवितात. ज्या गावी अशा बागा पुष्कळ आहेत, तेथे ग्रामपंचायतीने सामायिक वाळवणयंत्राचा विचार करण्यास हरकत नाही.