जुन्या लॅपटॉपसाठी मुक्त प्रणाली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीच्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-सुधारणा बंद झाल्या. विंडोज ११ ला लागणारी सामग्री अनेक जुन्या लॅपटॉपांत नाही. परिणामी शाळा व ग्रामपंचायतींतील सुस्थितीतील यंत्रेही भंगारात जाण्याची शक्यता निर्माण झाली आहे. अशा वेळी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमचा पर्याय विचारात घेणे अगत्याचे ठरते.

मुक्त म्हणजे केवळ विनामूल्य नव्हे. अशी प्रणाली वापरण्याचा, अभ्यासण्याचा, तीत बदल करण्याचा व ती इतरांस देण्याचा अधिकार प्रत्येकास असतो. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी या विचारातून ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. त्यावर आधारलेल्या अनेक प्रणाली आज उपलब्ध असून भारतात सी-डॅकने ‘बॉस’ ही प्रणाली विकसित केली आहे. केरळातील शासकीय शाळांतही मुक्त प्रणाली वापरात आहे. नवशिक्यास ‘लिनक्स मिंट’ सोयीची वाटते. तिला ४ जीबी स्मृती व २० जीबी जागा असल्यास साधारण काम चालते.

हा बदल तीन टप्प्यांत करावा. पहिला टप्पा जतनाचा. कर आकारणीच्या नोंदी, गुणपत्रके, छायाचित्रे इत्यादींच्या प्रती दोन स्वतंत्र ठिकाणी ठेवाव्यात व त्या उघडून पाहाव्यात. जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांतील मराठी मजकूर आधीच युनिकोडमध्ये रूपांतरित करावा; अन्यथा तो टंक नसलेल्या संगणकावर वाचता येत नाही.

दुसरा टप्पा चाचणीचा. प्रणालीची प्रत तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेऊन, रूफससारख्या साधनाने रिकाम्या पेनड्राइव्हवर उतरवावी. या क्रियेत पेनड्राइव्हवरील आधीचा मजकूर पुसला जातो. त्यावरून लॅपटॉप सुरू केल्यास मूळ प्रणालीला धक्का न लावता नवी प्रणाली वापरून पाहता येते. वाय-फाय, ध्वनी, प्रिंटर व मराठी कळफलक यांची तपासणी याच वेळी करावी. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनसाठी लागणारी आज्ञावली लिनक्सकरिता मिळते काय, याची खातरजमा करावी. तशी ती नसल्यास स्वाक्षरीचे काम सुरक्षा-सुधारणा मिळणाऱ्या दुसऱ्या संगणकावर ठेवावे.

तिसरा टप्पा स्थापनेचा. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडल्यावर आधीचा मजकूर परत मिळेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून पहिले दोन टप्पे पूर्ण झाल्याशिवाय तो निवडू नये. वीज जाण्याचा संभव लक्षात घेऊन लॅपटॉप पूर्ण चार्ज केलेला व चार्जरला जोडलेला असावा. यंत्र शासकीय मालकीचे असल्यास कार्यालयप्रमुखांची लेखी अनुमती आधी घ्यावी.

लेखन व हिशेबासाठी लिबरऑफिस या प्रणालीत असतेच. मात्र वर्ड व एक्सेलमध्ये केलेल्या नमुन्यांची मांडणी कधी कधी सरकते. यास्तव आरंभी एकच यंत्र बदलून महिनाभर त्यावर नित्याचे काम करावे, अडचणी वहीत नोंदवाव्यात व त्या सोडविल्यानंतरच उर्वरित यंत्रे हाती घ्यावीत.