सहकाऱ्याच्या ‘वर्क ॲनिव्हर्सरी’च्या कार्डवर काय लिहायचं? चार ओळींची सोपी पद्धत



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कार्डवर चार शब्द लिहायचे, त्यात शिकण्यासारखं काय आहे? मीही असंच समजायचो. माझं स्टेशनरीचं दुकान आहे, मी कार्डं विकतो. तरी याच कामात माझी फजिती झाली. ती आधी सांगतो.

शाळेच्या सीझनआधी, म्हणजे मे महिन्यात, आम्ही नवीन माणसं घेतो. त्यामुळे काउंटरवरच्या ताई आणि डिलिव्हरीचा मुलगा, दोघांची कामाला लागल्याची तारीख एकाच आठवड्यात येते. ताईंना ६ वर्षं झाली होती, मुलाला १. मी मोबाइलवर आलेला एक छानसा मेसेज उचलला आणि दोन्ही कार्डांवर उतरवला. ‘आपल्या मेहनतीबद्दल आणि बहुमूल्य योगदानाबद्दल हार्दिक आभार. असेच पुढे जात राहा.’

दुपारी डबा खाताना दोघांनी कार्डं शेजारी ठेवली. ताई हसल्या आणि म्हणाल्या, “दादा, झेरॉक्स चांगली आलीय.”

त्या चेष्टेत म्हणाल्या, पण मला लागलं. कारण आदल्याच वर्षी त्यांनी माझं मोठं नुकसान वाचवलं होतं. एका शाळेने वह्यांची यादी बदलली होती, चाररेघीऐवजी एकरेघी. मी जुन्या यादीवरून ४० डझन चाररेघी वह्यांची ऑर्डर टाकत होतो. ताईंनी एका पालकाच्या हातातली नवी यादी बघितली, शाळेत फोन करून खात्री केली आणि मला थांबवलं. तो माल आला असता तर वर्षभर पडून राहिला असता. ही गोष्ट मी त्या रात्री जेवताना बायकोला सांगितली. ताईंना मात्र कधी सांगितलीच नाही. आणि सांगायची संधी आली तेव्हा कॉपी-पेस्ट केलं.

आपण का लिहीत नाही?

आपल्याकडे तोंडावर कौतुक करायला माणूस अवघडतो. ‘घरच्या माणसाचे कसले आभार?’ असं म्हणून आपण मोकळे होतो. म्हणायला ते प्रेमाने म्हणतो, पण खरं सांगायचं तर बऱ्याचदा ती पळवाट असते.

बीबीएला आम्हाला फ्रेडरिक हर्झबर्ग यांची टू-फॅक्टर थिअरी होती. त्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं, कामात सगळ्यात चांगलं कधी वाटलं आणि सगळ्यात वाईट कधी वाटलं? १९५९ मध्ये हे पुस्तकरूपाने आलं. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: पगार, कामाची जागा, नियम या गोष्टी नीट नसतील तर माणूस नाराज होतो. पण त्या नीट असल्या म्हणजे कामात जीव येतोच असं नाही. जीव येतो तो जमलेल्या कामाने, मिळालेल्या जबाबदारीने आणि कोणीतरी ते काम ओळखल्याने.

परीक्षेत मी यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. दुकानात मात्र विसरलो.

यातली पहिली बाजूही लक्षात ठेवा. पगार दोन महिने थकला असेल तर कार्ड देऊ नका, आधी पगार द्या. दुकानात १० किंवा जास्त माणसं असतील तर ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो आणि साधारणपणे सलग ५ वर्षं पूर्ण झाली की हक्क तयार होतो. म्हणजे पाचव्या वर्षी नुसतं कार्ड नाही, हिशोबाची वहीसुद्धा उघडायची.

चार ओळी: आकडा, आठवण, परिणाम, पुढे

१. आकडा: किती वर्षं झाली. अंदाजाने लिहू नका, हजेरी पुस्तकात तारीख बघा. सात वर्षांची पाच केलीत तर पुढचं कोणी वाचणार नाही.

२. आठवण: त्या माणसाने केलेलं एक काम. एकच. ‘मेहनती’ आणि ‘प्रामाणिक’ हे शब्द सोडा, प्रसंग लिहा.

३. परिणाम: त्या कामामुळे तुमचं, दुकानाचं किंवा गिऱ्हाइकाचं काय भलं झालं.

४. पुढे: येत्या वर्षासाठी एक खरी गोष्ट. नवीन जबाबदारी, शिकायची संधी किंवा साधी शुभेच्छा. ‘पगार वाढवू’ असं कार्डावर लिहू नका. वाढवायचा असेल तर समोर बसून बोला.

लिहून झालं की एक टेस्ट करा. नाव झाकून वाचा. तोच मजकूर दुसऱ्या कोणाला दिला तरी चालतोय का? चालत असेल तर कार्ड अजून झालं नाही.

काही नमुने

नवीन मुलगा, १ वर्ष:
‘एक वर्ष झालं बघ. दुकानात नसलेली वस्तू तू वहीत टिपून ठेवतोस आणि माल आला की स्वतः फोन करतोस. त्यामुळे किती गिऱ्हाइकं परत आली ते मी बघितलंय. यंदा पेन-पेन्सिलची ऑर्डर तू काढ, मी शेजारी बसतो.’

वडिलांच्या वेळेपासूनचे जुने कामगार:
‘मामा, १५ वर्षं झाली. मला उधारी मागायला लाज वाटायची तेव्हा तुम्ही माझ्यासोबत आलात, चहा घेतलात आणि न भांडता पैसे आणलेत. मी आजही तसंच करतो. आता नव्या पोरांनाही हे शिकवा. तब्येत सांभाळा.’

ऑफिसमधली बरोबरीची मैत्रीण:
‘अगं, ३ वर्षं आपण शेजारच्या टेबलावर. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा माझं मार्चएंडचं काम तू कोणाला न सांगता संपवलंस. मी निवांत आईजवळ बसू शकले ते तुझ्यामुळे. या वर्षी तुझी सुट्टी असेल तेव्हा तुझं टेबल माझ्याकडे.’

सगळ्यांचं मिळून एक कार्ड असेल आणि तुमची त्या व्यक्तीशी फार ओळख नसेल तर? खोटी जवळीक दाखवू नका. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या दोघांना विचारा, “यांच्यामुळे तुझं कोणतं काम सोपं झालं?” जे उत्तर मिळेल ते त्यांच्या नावाने लिहा.

एवढं सांभाळा

रोज जसे बोलता तसेच लिहा. रोज ‘मामा, तुम्ही’ म्हणता तर कार्डावरही तेच. एकदम ‘आपण’ आणि ‘बहुमूल्य योगदान’ आलं की निवृत्तीचं मानपत्र दिल्यासारखं वाटतं. ‘वर्धापनदिन’ही नको, तो संस्थेचा असतो. माणसाला सरळ ‘कामाला ७ वर्षं पूर्ण झाली’ म्हणा.

कार्ड बहुतेक वेळा चारचौघांत वाचलं जातं. समोरच्याचं आजारपण, घरची अडचण, त्याला दिलेली उसनवारी यातलं काही लिहू नका. उशिरा येण्यावर विनोद नको. कौतुकानंतर ‘पण’ तर नकोच.

समोरच्याला कोणती भाषा सहज वाचता येते ते बघा. हिंदी सोपी जात असेल तर हिंदीत लिहा. वाचायची सवयच नसेल तर कार्ड देताना तुम्ही वाचून दाखवा. आणि हाताने लिहा. अक्षर वाईट असलं तरी चालतं, माझंही आहे.

पुढच्या मे महिन्यात

मी ताईंच्या कार्डावर ४० डझन वह्यांची गोष्ट लिहिली. शेवटी लिहिलं, ‘हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.’ त्यांनी वाचलं, काही बोलल्या नाहीत, कार्ड पर्समध्ये ठेवलं. आठवड्याने त्यांचा मुलगा कंपास पेटी घ्यायला आला आणि मला विचारलं, “काका, त्या चाळीस डझन वह्यांचं खरंय का?”

मी म्हटलं, “खरंय. पन्नास झाल्या असत्या.”

आजचा होमवर्क

हजेरी पुस्तक उघडा आणि प्रत्येकाची कामाला लागल्याची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. मग एक छोटी वही करा. दर शनिवारी गल्ला मोजून झाला की त्या आठवड्यात कोणी काय चांगलं केलं याची एक ओळ लिहा. नावासकट. ऐनवेळी आठवत नाही म्हणूनच आपण कॉपी-पेस्ट करतो. वहीत ओळ असेल तर कार्ड पाच मिनिटांत होतं.

आणि एखादी ओळ फारच चांगली असेल तर वर्षभर थांबू नका. त्याच दिवशी सांगून टाका.

भेटूया पुढच्या भागात.