अमेरिकेचं घड्याळ मागे का पडतं?

प्रश्न : लेकीने न्यू जर्सीहून गजराचं रेडिओ-घड्याळ आणलं. ट्रान्सफॉर्मर लावूनही तासाला दहा मिनिटं मागे पडतं. बिघडलंय का?

उत्तर : मुळीच नाही. अशी बरीच घड्याळं विजेची आवर्तनं मोजून चालतात. तिथे सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. म्हणून आपल्या साठ मिनिटांत त्याची पन्नासच होतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, आवर्तनं बदलत नाही. तळाशी किंवा बॅटरीच्या कप्प्यात ५०/६० असं बारीक बटण असलं, तर ते ५० वर सरकवा. नसलं, तर वेळेची आशा सोडा आणि नुसता रेडिओ ऐका. आणि हो, गजर लावताना ‘पीएम’चा इवलासा ठिपका बघा, नाहीतर पहाटे साडेपाचचा गजर संध्याकाळच्या चहाला वाजायचा!