वाचकांचे प्रश्न : सिंक करणाऱ्या ॲपला पेटंट मिळेल का?

प्रश्न : जुलै 2021 च्या पुरात महाडमध्ये मोबाइलची रेंज गेली होती. तेव्हाचा गोंधळ पाहून आम्ही दोघा मित्रांनी पंचनाम्यासाठी ॲप केले. रेंज नसली तरी नोंद होते, रेंज आली की सगळ्या फोनमधल्या नोंदी जुळतात. एकाच घराच्या दोन नोंदी आल्या तर शेवटची ठेवली जाते. ओळखीचे इंजिनिअर म्हणतात, “यात काय नवीन?” पेटंटचा नाद सोडावा का?
— एक वाचक, पोलादपूर

उत्तर : तुम्ही लिहिलंय तेवढ्यावर पेटंट मिळणं कठीण आहे. मात्र तुमच्या इंजिनिअरचं मत ही कायद्याची कसोटी नव्हे. पेटंट कायदा, 1970 विचारतो ते असं : आधीच्या ज्ञानापेक्षा यात तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व आहे का, आणि अर्जाच्या तारखेला त्या क्षेत्रातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं का? उत्तर कळल्यावर कोणतंही कोडं सोपंच वाटतं, म्हणून तारीख महत्त्वाची.

भांडी लेथवर धरण्याच्या साधनाचं पेटंट सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये (बिश्वनाथ प्रसाद खटला) टिकू दिलं नाही. कारखान्यातला कारागीर सहज करील तेवढी सुधारणा शोध ठरत नाही, असं ठरलं.

आता तुमचं ‘शेवटची नोंद ठेवा’ घ्या. बिरवाडीतल्या फोनचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असेल, तर तिथली जुनी नोंद ‘शेवटची’ ठरून नंतर केलेली खरी दुरुस्ती पुसली जाईल. ही अडचण जुनीच. घड्याळावर न विसंबता क्रम कसा लावायचा, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅमपोर्ट यांनी 1978 मध्येच मांडलं. म्हणजे तो उपाय पंचनाम्याला लावणं जाणकाराला सुचणारच. दोन जुन्या गोष्टी जोडल्या, तरी त्या जोडण्याचं कारण उघड असेल तर परीक्षक हरकत घेतोच.

मात्र क्षीण सिग्नलवर अर्धवट पोचलेली नोंदही बिघडू नये, अशी एखादी युक्ती तुम्ही काढली असेल आणि जुन्या पद्धतीत ते का जमत नव्हतं हे मोजून दाखवता येत असेल, तर बाजू भक्कम होते. शिवाय कलम 3(के) नुसत्या संगणक प्रोग्रॅमला आणि अल्गोरिदमला पेटंट देत नाही. तांत्रिक परिणाम दाखवावाच लागेल. कोडला कॉपीराइट आहेच, तोही पुष्कळदा पुरतो.

अशी युक्ती असेल तर तपशील कुठेही जाहीर करण्याआधी मुंबईच्या पेटंट कार्यालयात प्रोव्हिजनल अर्ज करा. पूर्ण तपशील देण्यासाठी 12 महिने मिळतात. नसेल, तर वकिलाची फी वाचवा आणि ॲप तलाठ्यांना दाखवा.