दुकानाचं इंटरनेटवरचं नाव: नियम कोण ठरवतं आणि आपलं म्हणणं कुठे मांडायचं?



व्हिडिओ पाहिला असेल तर ही त्याची टिपणं समजा. नसेल पाहिला तरी हरकत नाही, पाठ इथे पूर्ण लिहिला आहे. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी गृहपाठ आहे.

आजचा विषय ऐकायला लांबचा वाटेल. इंटरनेटवरच्या नावांचा जगभराचा कारभार कसा चालतो, त्यात पुढच्या काही वर्षांत कशाला महत्त्व द्यायचं हे कसं ठरतं, आणि तिथे तुमच्या-आमच्या मताला जागा आहे का? आशागडमध्ये बसून चिकूच्या चिप्स विकणाऱ्याला याच्याशी काय देणं-घेणं, असं वाटत असेल तर पुढचा मुद्दा वाचा.

१. नाव विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं

समजा, आशागडच्या एका ताईंनी चिकू पावडरचा धंदा सुरू केला आणि 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन' असलेलं एक नाव घेतलं. आपण बोलताना म्हणतो, "डोमेन विकत घेतलं." प्रत्यक्षात ते ठरावीक मुदतीसाठी आपल्या नावावर नोंदलेलं असतं. एका वेळी एक ते दहा वर्षं. मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत, तर काही काळाने ते नाव मोकळं होतं आणि दुसरं कोणीही घेऊ शकतं. पाकिटावर छापलेला पत्ता, व्हिजिटिंग कार्ड, गिऱ्हाइकांच्या मोबाइलमध्ये सेव्ह केलेली लिंक, सगळं त्या दुसऱ्याच्या हातात जातं.

आपल्याकडे कायदाही या नावांना किंमत देतो. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोमेन नाव हा नुसता पत्ता नाही. ते व्यवसायाची ओळखही असतं, म्हणून ट्रेडमार्कसारखं संरक्षण त्याला मिळू शकतं. म्हणजे नाव हे भांडवल आहे. पण या भांडवलाचे रोजचे नियम कोर्टात ठरत नाहीत. मग कुठे ठरतात?

२. नियम ठरवणारी दोन घरं

पहिलं घर 'आयकॅन'. १९९८ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ही ना-नफा संस्था. 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग' वगैरे शेपट्या कोणी चालवायच्या, नवीन शेपट्या आणायच्या का, नोंदणी करणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकाशी कसं वागायचं, हे तिच्या नियमांत आणि करारांत असतं. २०१६ च्या ऑक्टोबरपासून या कामावरची अमेरिकन सरकारची देखरेख संपली. आता सरकारं, कंपन्या, तंत्रज्ञ, नागरी संस्था आणि साधे वापरकर्ते मिळून चर्चा करतात आणि त्यातून नियम बनतात.

दुसरं घर आपलं, 'निक्सी'. ही संस्था २००३ मध्ये सुरू झाली. 'डॉट इन' आणि 'डॉट भारत' ही नावं तिच्याकडे आहेत.

आणि एक गंमत ऐका. तुम्ही 'डॉट कॉम' नाव घेता तेव्हा प्रत्येक वर्षामागे आयकॅनची छोटी फी त्यात असते. २०२५ च्या जुलैपासून ती २० अमेरिकन सेंट झाली, त्याआधी १८ सेंट होती. म्हणजे साधारण सतरा-अठरा रुपये. सार्वजनिक गणपतीला अकरा रुपये वर्गणी देणाराही मंडळाला हिशेब विचारतो. इथे आपण दरवर्षी वर्गणी देतो, मग विचारायला काय हरकत आहे?

३. पाच वर्षांचा आराखडा आणि 'हरकती व सूचना'

आयकॅन पाच-पाच वर्षांची योजना करते. एक योजना जुलै २०२० ते जून २०२५ अशी होती, तिच्या पुढची जून २०३० पर्यंतची. आधीच्या योजनेत पाच उद्दिष्टं होती. सोप्या भाषेत सांगतो:

- नावांच्या यंत्रणेची सुरक्षा भक्कम करणं.
- सगळ्यांनी मिळून निर्णय घेण्याची पद्धत सुधारणं.
- नावांची व्यवस्था वाढत्या वापरकर्त्यांसाठी, त्यांच्या भाषा-लिप्यांसाठी तयार करणं.
- सरकारांच्या राजकारणात जगाचं एकच इंटरनेट तुटू न देणं.
- संस्थेची आर्थिक घडी नीट ठेवणं.

अशी योजना तयार होताना आधी वेगवेगळ्या गटांना विचारतात, "पुढे काय येताना दिसतंय?" त्यातून मसुदा होतो. मसुदा जगासमोर ठेवून ठरावीक मुदतीत लेखी मतं मागवतात. आपल्याला ही पद्धत नवीन नाही. सरकारी अधिसूचनेखाली "हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत" हे वाक्य आपण वाचलेलं असतं. डहाणू-तलासरी तर पेसा कायद्याखालचा भाग, इथे ग्रामसभेचं वजन लोकांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. फरक एकच. ग्रामसभेत हात वर केला की भागतं, इथे लिहून द्यावं लागतं. फी लागत नाही, कंपनी नोंदलेली असावी अशी अटही नाही.

आता खरा प्रश्न: आपण लिहिलं तर कोणी ऐकतं का? दोन उदाहरणं देतो.

४. साध्या वापरकर्त्यांनी बोलून मिळवलेला नियम

डोमेनची मुदत संपण्याच्या साधारण एक महिना आणि एक आठवडा आधी तुम्हाला आठवणीचा ईमेल येतो. मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत आणखी एक येतो. नाव रद्द झालं तरी पुढचे ३० दिवस, जास्तीचे पैसे भरून का होईना, ते सोडवून घेता येतं. 'डॉट कॉम'सारख्या बहुतेक शेपट्यांसाठी ही सोय २०१३ पासून सक्तीची आहे.

ही सोय आली कशी? आयकॅनमध्ये साध्या वापरकर्त्यांची बाजू मांडणारी एक समिती आहे. मुदत संपल्यावर लोकांची नावं हातची जातात, त्यांना नीट कळवलं जात नाही, हा प्रश्न २००८ मध्ये त्या समितीने उचलला. त्यावर काही वर्षं चर्चा झाली, मसुदे झाले, मतं मागवली गेली आणि मग नियम झाला. चिकू पावडरवाल्या ताईंचं नाव उद्या याच ३० दिवसांत वाचू शकतं.

५. 'गिऱ्हाईक' मधला अर्धा र

दुसरं उदाहरण आपल्या भाषेचं. 'गिऱ्हाईक', 'वऱ्हाड', 'किनाऱ्यावर' या शब्दांत 'र' चं एक खास अर्धं रूप येतं. मराठीत ते रोजचं आहे, हिंदीत ते लागत नाही. संगणकावर ते दोन प्रकारे लिहितात. एका प्रकारात मध्ये एक अदृश्य चिन्ह टाकावं लागतं. इंटरनेटच्या सर्वांत वरच्या पातळीवर, म्हणजे शेपटीच्या नावात, अशी अदृश्य चिन्हं चालत नाहीत. कारण उघड आहे. डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावं यंत्राला वेगळी वाटली, तर फसवणुकीला रस्ता मोकळा.

मग मराठीने काय करायचं? देवनागरी, गुजराती, तमिळ अशा नऊ लिप्यांचे नियम ठरवण्यासाठी भारत आणि शेजारच्या देशांतल्या भाषातज्ज्ञांचा आणि तंत्रज्ञांचा एक गट बसला. पुण्याच्या सी-डॅकमधल्या लोकांचाही त्यात सहभाग होता. देवनागरीचा मसुदा २०१८ मध्ये सूचनांसाठी खुला झाला आणि २०१९ च्या जुलैमध्ये तो जागतिक नियमांत आला. त्यात 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरून हा अर्धा र लिहायची वाट ठेवली आहे. मराठी जाणणारी माणसं त्या टेबलाशी होती, म्हणून हे झालं.

माणसं नसली की काय होतं, तेही बघा. २०१२ च्या फेरीत नव्या शेपट्यांसाठी १,९३० अर्ज आले. त्यातून देवनागरीत 'डॉट कॉम' आणि 'डॉट नेट' आले, आणि संस्थांसाठी 'डॉट संगठन' आलं. आपण मराठीत 'संघटना' म्हणतो. शब्द हिंदीतून घेतला गेला, कारण अर्ज करणाऱ्यासमोर हिंदीची बाजारपेठ होती. यात कोणाचा दोष नाही, पण मराठीची बाजारपेठ आहे हे सांगायला मराठी उद्योजकच पुढे यायला हवेत. पुढच्या फेरीत एका अर्जाची मूळ फी २,२७,००० डॉलर आहे. अर्ज करणं आपल्या खिशाबाहेरचं आहे, मत मांडणं फुकट आहे.

'डॉट भारत' देवनागरीत २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं आणि मराठीसाठीही आहे. पण देवनागरी ईमेल पत्ता टाकला की अनेक फॉर्म अजून "चुकीचा पत्ता" म्हणतात. हा प्रश्नही आराखड्यातल्या तिसऱ्या उद्दिष्टात बसतो.

६. आपला न मांडलेला प्रश्न: डहाणू-घोलवड चिकू

आता घरचा मुद्दा. 'डहाणू घोलवड चिकू' या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. २०२१ मध्ये या चिकूची खेप ब्रिटनला गेली. वारली चित्रकलेलाही जीआय आहे. एवढी नावं आपल्या तालुक्यांच्या मालकीची!

पण समजा, उद्या लांबच्या कोणीतरी या नावाचं 'डॉट कॉम' घेतलं आणि भलताच माल विकायला काढला. 'डॉट कॉम'साठी आयकॅनची तक्रार-पद्धत १९९९ पासूनची आहे. तिथे पहिला प्रश्न विचारतात, "तुमच्याकडे ट्रेडमार्क आहे का?" नुसतं जीआय प्रमाणपत्र दाखवून ही पायरी पार होत नाही. २००१ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने या प्रश्नाचा अभ्यास केला होता, पण देशोदेशींचे जीआय कायदे एकसारखे नाहीत म्हणून तेव्हा बदल झाला नाही. भारतातल्या कोर्टात जाता येतं, पण त्याचा वेळ आणि खर्च छोट्या बागायतदाराला परवडेलच असं नाही.

मला विचाराल तर आपल्या भागातून मांडण्यासारखा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. दार्जिलिंगचा चहावाला आणि फ्रान्सचा चीजवाला यांनाही हाच प्रश्न पडतो, म्हणजे आपण एकटे नाही. लगेच नियम बदलेल असं आश्वासन मी देणार नाही. आधीच्या उदाहरणातच पाच वर्षं गेली होती. पण न मांडलेला प्रश्न यादीतच येत नाही.

७. मत कसं लिहायचं?

तीन भाग, एक पान. बस्स.

*आम्ही कोण:* "आम्ही महाराष्ट्रातल्या पालघर जिल्ह्यातले छोटे फळ-प्रक्रिया उद्योजक आहोत. आमच्या मालाच्या नावाला भारतात जीआय आहे."

*अडचण काय:* "कोणी आमच्या नावाचं डोमेन घेऊन दुसरा माल विकला, तर सध्याच्या तक्रार-पद्धतीत जीआयच्या आधारे दाद मागता येत नाही. ट्रेडमार्कचा वेगळा खर्च प्रत्येक बागायतदाराला झेपत नाही."

*मागणी काय:* "पुढच्या पाच वर्षांच्या कामांत या पद्धतीचा आढावा घ्यावा आणि जीआयधारक छोट्या उत्पादकांना त्या चर्चेत बोलवावं."

आधी मराठीतच लिहा, म्हणजे मुद्दा स्वच्छ होतो. मग कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीकडून सोप्या इंग्रजीत करून घ्या. राग, टोमणे, सगळ्या जगाच्या तक्रारी एकाच पत्रात नकोत. एकट्याने लिहिण्यापेक्षा बचत गटाने, शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा बागायतदार संघाने लिहिलं तर वजन वाढतं. कायम सहभागी व्हायचं असेल तर आयकॅनमध्ये आशिया-प्रशांत भागातल्या साध्या वापरकर्त्यांचा गट आहे. त्याचं वैयक्तिक सदस्यत्व घेता येतं. 'डॉट इन' आणि 'डॉट भारत'बद्दलचं म्हणणं मात्र निक्सीला कळवायचं.

८. गृहपाठ

मत मांडण्याआधी स्वतःचं घर बंद आहे ना, ते बघा.

१. तुमचं डोमेन कोणाच्या नावावर आहे? वेबसाइट करून देणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर घेतलं असेल तर कागदोपत्री हक्क त्याचा. आजच विचारा, "दादा, नोंदणीत माझं नाव आणि माझाच ईमेल आहे ना?"

२. मुदत कधी संपते? तारीख कॅलेंडरवर लिहा. जमलं तर एकदम तीन वर्षांचे पैसे भरा.

३. नोंदणीतला ईमेल चालू आहे का? आठवण त्याच पत्त्यावर येते.

४. कंपनी बदलायची असेल तर 'ऑथ कोड' मागा. 'डॉट कॉम'सारख्या नावांसाठी तो पाच दिवसांत द्यावा लागतो.

५. जीआय असलेलं नाव लावून माल विकायचा असेल, तर आधी जीआयचे 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करा. तुमच्या स्वतःच्या ब्रँडच्या नावाचा ट्रेडमार्क वेगळा घ्या.

६. वर दिलेल्या तीन भागांत तुमच्या धंद्याचा एक मुद्दा लिहून काढा. दहा ओळी पुरेत.

पहिले पाच मुद्दे या आठवड्यात उरका. सहावा लिहून झाला की गटाच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवा, आणि पटला तर सगळ्यांच्या सह्यांनी पाठवायचं ठरवा.

भेटूया पुढच्या पाठात. धंदा करा, नाव कमवा, आणि कमावलेलं नाव जपा!