बॅकवाल्याची नजर

पुणे

चि. रणजित,


या हंगामानंतर तू फुटबॉल खेळणं थांबवून पोरांना शिकवणार, असं ताईनं फोनवर सांगितलं. मला फार बरं वाटलं. "जन्मभर स्टॉपर खेळला, गोल मारायला काय शिकवणार?" असं तुमच्या पेठेत कुणीतरी बोललं आणि ते तुला लागलं, हेही कळलं. अरे, सगळं मैदान डोळ्यांसमोर असतं ते बॅकवाल्याच्याच. कॉर्नर आला की पहिल्या खांबावर कोण, मागून धावत येणारा कुणाचा, हे तूच ओरडून लावून देत आलास. कोचिंगची निम्मी तयारी तिथेच झाली.

डेरिक परेरांकडे बघ. साळगावकरचे आणि भारताचे बचावपटू. २००५-०६ मध्ये त्यांनी मुंबईच्या महिंद्र युनायटेडला राष्ट्रीय लीग जिंकून दिली. त्या लीगच्या अकरा हंगामांत महाराष्ट्रात आलेला तो एकमेव चषक! तरी २०१० मध्ये तो संघ बंद झाला. तोवर परेरा इथे पुणे एफसीत आले होते. आय-लीगमधल्या आपल्या पहिल्याच हंगामात हा संघ तिसरा आला, २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा. बालेवाडीत ते सामने मी पाहिलेत. २०१५ मध्ये पुणे एफसीही मिटलं. पुढे परेरा एफसी गोवाचे टेक्निकल डायरेक्टर झाले. डिसेंबर २०२१ मध्ये भर हंगामात मुख्य प्रशिक्षक दुसऱ्या क्लबात गेले, तेव्हा पडता संघ त्यांनी अंगावर घेतला. संघ नववा आला. साठीच्या उंबरठ्यावरही माणूस मैदानातच होता, हे मला चषकाहून मोठं वाटतं. क्लब असे मिटतात, म्हणून त्यांच्या भरवशावर या धंद्यात उतरू नकोस. शिकवण्याची ओढ असेल तरच उतर.

महेश गवळी तर तुझ्याच जागेवर खेळलेला. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत भारताचे मुख्य प्रशिक्षक स्टिमाच यांच्यावर बंदी आली आणि उपांत्य व अंतिम सामन्यात सहायक गवळीवर संघ सांभाळायची वेळ आली. बंगळुरूत लेबनॉन आणि कुवेत, दोघांनाही भारतानं पेनल्टीवर हरवलं. कदाचित येणारच नाही अशा चेंडूसाठी दीड तास सावध उभं राहायची सवय बॅकवाल्याला असते. सहायकाची नोकरीही तशीच असते. ती मिळाली तर कमी लेखू नकोस.

आता थोडं कडू. बचाववाल्याच्या हातून संघ भित्रा घडण्याचा धोका असतो. दिसला चेंडू की मार बाहेर, ही तुझी जुनी खोड पोरांना लावू नकोस. ड्रिब्लिंग करणारा पोरगा चार वेळा चेंडू घालवेल, तो घालवू दे. फॉरवर्डचं धावणं, वळणं, पहिला टच हे तुला नव्यानं शिकावं लागेल. पेठेतल्या जुन्या फॉरवर्डांना विचारायला लाजू नकोस.

आणि ओरडणं आवर. परवा इथल्या एका मैदानावर बारा वर्षांचा पोरगा उजव्या बाजूनं चेंडू घेऊन निघाला. आत त्याचा जोडीदार मोकळा होता. कोच लाइनवरून "दे, दे" करत होता. पोरानं मान वर केली ती कोचकडे बघायला, आणि तेवढ्यात चेंडू गेला. तू खेळताना ओरडलास ते चालत होतं, कारण तू त्याच खेळात होतास. आता पोराला स्वतः बघू दे. हाफटाइमला विचार, "तुला तिथं काय दिसलं?" आणि त्याचं उत्तर पुरतं ऐक.

डी लायसन्सचा कोर्स आधी कर. नाव आणि अनुभव आहे म्हणून टाळू नकोस. कोर्स पुण्यात निघाला तर राहायला आमच्याकडेच ये. फी मी भरीन, ताईला सांगू नकोस. फॉर्म कधी भरतोस, ते या आठवड्यात कळव.

तुझा,
मामा