तारेवरचा कावळा आणि तारेखालचा आंबा

प्रश्न : आमच्या नव्या घरासमोर, कुंपणाला लागूनच विजेच्या तारा जातात. तिथे केशर आंब्याचं कलम लावायचं मनात आहे. शेजारचे काका म्हणतात, फांदी तारेला टेकली की लाईट जाणार. पण कावळे तर दिवसभर तारेवर बसतात, त्यांना काही होत नाही. मग फांदीचंच काय वेगळं?
– एक वाचक, फलटण

उत्तर : कावळा एकाच तारेवर बसतो आणि जमिनीला कुठेच शिवत नाही, त्यामुळे विजेला त्याच्यातून पुढे जायला वाट नसते. झाडाची मुळं मात्र कायम ओल्या मातीत. फांदीत रस असतो, पावसात सालही निथळत असते. उच्चदाबाच्या तारेला अशी फांदी टेकली की वीज खोडावाटे जमिनीत उतरू लागते आणि उपकेंद्रातला ब्रेकर पडून सगळा फीडर अंधारात जातो. लघुदाबाच्या तारांचं दुखणं वेगळं. वाऱ्याने फांदी दोन तारा एकमेकींवर ढकलते, ठिणग्या उडतात, फ्यूज जातो.

तुमच्या दारातली लाईन कुठली, ते खांबाकडे बघून कळेल. एकाखाली एक अशा चार-पाच तारा असतील तर ती घरगुती, लघुदाबाची. खांबाच्या डोक्यावर लोखंडी अँगल आणि त्यावरच्या इन्सुलेटरवर तीन तारा असतील तर बहुधा 11 किंवा 22 केव्हीची. एकाच खांबावर दोन्हीही असू शकतात.

आता आंबा. कलमांसाठी नेहमीची शिफारस 10 बाय 10 मीटरची आहे, म्हणजे खोडापासून चहूकडे 5 मीटर जागा झाड मागणार. त्यात तारही जागेवर राहत नाही. उन्हाळ्यात तापून तिचा झोळ वाढतो, वादळात ती हेलकावे खाते. म्हणून आणखी 3 मीटर सोडा आणि हे 8 मीटर तारेच्या बरोबर खालच्या जागेपासून मोजा, कुंपणापासून नव्हे. एवढी जागा पुढे नसेल तर कलम परसात न्या. कडुनिंब, जांभूळ, पर्जन्यवृक्ष यांना याहून कितीतरी जास्त अंतर लागतं. झाड मोडून पडलं तरी तारेवर पडू नये, असा हिशोब धरा.

छाटून बुटकं ठेवू, असं तुम्ही म्हणाल. बागायतदार ठेवतातही, पण तो दरवर्षीचा नेम आहे आणि एक वर्ष चुकलं की पावसाळ्याआधी लाईनमन येऊन तारेकडची बाजू उतरवतो. त्याला तार मोकळी करायची असते, झाडाचा तोल सांभाळायचा नसतो. कापल्या जागी कोंब जोमाने फुटतात, पण त्यांचा जोड कच्चा असतो. मोठे झाले की वाऱ्यात तेच आधी निखळतात.

माझा खरा आक्षेप मात्र आंबे उतरवायच्या झेल्याला आहे. फळझाड म्हटलं की काठी आली, आणि पिकल्या आंब्याकडे बघणाऱ्याचं तारेकडे लक्ष नसतं. ॲल्युमिनियमचा दांडा किंवा ओला बांबू तारेला लागला तर जिवावर बेततं. शेंगा आकडीने ओढायच्या म्हणून शेवगाही तिथे नको. दारात शेवगा असू नये, असं जुनी माणसं म्हणतात. त्यांचं कारण काहीही असो, ठिसूळ फांद्यांचं हे झाड तारेजवळ नको हे खरंच.

लघुदाबाच्या तारांजवळ तगर, जास्वंद, कुंती, डाळिंब, कागदी लिंबू खुशाल लावा. फळं हाताने तोडता येतील इतकीच उंची ठेवा. पारिजातक चालेल, पण अधूनमधून कात्री लावावी लागेल. उच्चदाबाच्या तारांखाली फुलझुडपांवर थांबा. शेतातून मनोऱ्यांची लाईन जात असेल तर गोष्टच निराळी : 132 केव्हीला साधारण 27 मीटर आणि 220 केव्हीला 35 मीटर रुंदीचा पट्टा धरतात, त्यात उंच झाड लावूच नये.

आधीचं एखादं झाड तारेला भिडलं असेल तर स्वतः कोयता घेऊन चढू नका. महावितरणच्या 1912 क्रमांकावर कळवा. पुरवठा बंद करूनच ती फांदी काढायची असते. आणि खांबाच्या ताणाशेजारी, म्हणजे त्याला आधार देणाऱ्या तिरक्या तारेशेजारी, मधुमालती लावू नका. ताणावरून वर चढत ती थेट तारांपर्यंत पोचते.